कृष्णविवराची शेपटी आणि मान्यांचे गणित

‘प्रा. माने यांनी त्या काळी कृष्णविवरांविषयी काही गणित मांडले होते. इस्लामपूरच्या शिक्षक मेळाव्यात सांगलीच्या एका प्राध्यापकांनी त्यातील चूक भर सभेत दाखवून दिली. सरांनी ती मोठ्या मनाने मान्य केली आणि पुढे त्या विषयाचा नाद सोडला.’

ही तीन वाक्ये मान्यांच्या साताऱ्यातील जुन्या महाविद्यालयाच्या गौरवग्रंथात छापून आली आहेत. ज्यांनी ती लिहिली ते मान्यांचे विद्यार्थी, आता स्वतःही निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. हेतू वाईट असता तर लिहिले असते. ‘सांगलीचे एक प्राध्यापक’ म्हणजे मी. एवढा मोठा पराक्रम माझ्या नावावर जमा करूनही त्यांनी माझे नाव दिलेले नाही, ही त्यांची सभ्यता असावी. मला ती नको आहे. माझे आडनाव यादव. सांगलीच्या एका महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवत असे, आणि वर उद्धृत केलेल्या तीन वाक्यांपैकी पहिले सोडून बाकी दोन्हींना माझी हरकत आहे.

या वयात भांडणे शोभत नाही, असे आमच्या घरात मत आहे. भांडण शोभण्याचे वय कोणते, हे मला कोणी सांगितले नाही, त्यामुळे तेही माझ्याकडून राहून गेले. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘अध्यापनाच्या काळातील काही आठवणी’ मागितल्या तेव्हा त्यांच्या मनात खोडकर विद्यार्थी आणि विसराळू शिपाई असणार. ते माझ्याकडेही आहेत. पण त्यांच्यापैकी कोणाविषयी खोटे छापून आलेले नाही, म्हणून ते थांबू शकतात.

वाद कशाचा होता हे समजल्याशिवाय तो कोणाच्या बाजूने सुटला हे समजणार नाही. तेव्हा थोडे पदार्थविज्ञान.

फार मोठा तारा जळून संपला की स्वतःच्याच भाराने कोसळतो. पुरेसा कोसळला, तर त्याच्या जवळून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही. ते कृष्णविवर. सत्तरच्या दशकात आमच्याकडे ही कल्पना नवी होती, आणि ‘भोक’ या एका शब्दाने लोकांची मोठी दिशाभूल केली होती. आम्हाला कुतूहल होते ते निराळेच. कृष्णविवराच्या परिसरात काही खळबळ झाली, त्याला धक्का बसला, तर तो धक्का विरतो कसा? घंटेवर टोल दिला तर धातू थरथरतो आणि नाद हळूहळू मंदावतो. कृष्णविवराजवळ थरथरायला धातू नाही, पृष्ठभाग नाही, काहीच नाही. तरीही त्याच्या भोवतालचे अवकाश थरथरते आणि शांत होते.

याचे कारण असे, की धक्क्याच्या गणितात कृष्णविवराभोवती एक डोंगर उभा राहतो. साताऱ्याच्या माणसाला हा डोंगर समजावून सांगावा लागत नाही. पश्चिमेच्या अंगाला तुटलेला कडा, आणि पूर्वेच्या अंगाला माण-खटावापर्यंत हळूहळू उतरत गेलेला, कुठे संपला ते न कळणारा मुलूख. कृष्णविवराकडची बाजू कड्याची आणि आपल्याकडची बाजू त्या लांब उताराची. धक्का या डोंगरावर आपटतो. त्याचा काही भाग आत पडतो, काही बाहेर निसटतो, आणि माथ्यावर काही हेलकावे उठतात. हे हेलकावे अत्यंत झपाट्याने मरतात. एवढ्यावर सगळे संपायला हवे होते. पण पूर्वेचा तो लांब उतार धक्क्याचा अगदी क्षीण अंश परत पाठवत राहतो. हेलकावे मेल्यानंतरही काहीतरी उरते, आणि ते सावकाश, फार सावकाश कमी होत जाते. त्याला आम्ही दोघे ‘शेपटी’ म्हणत असू. ही शेपटी किती सावकाश कमी होते, एवढाच आमचा प्रश्न होता.

माने साताऱ्याला गणित शिकवत. मूळचे आटपाडीकडचे, मेंढपाळ घरातले. शाळेत पाठ केलेली पावकी, निमकी, औटकी, म्हणजे पाव, अर्ध्या आणि साडेतीनचे पाढे, त्यांना अजून येत आणि दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवरही ते त्यांना बेधडक चालवत. मी वाळव्याचा, घरी ऊस. यावरून त्यांनी मला कधी सोडले नाही. “मोजायचा धंदा आमचा पिढीजात हाय, यादव,” असे ते म्हणत. “तुमी ऊसवाले. तुमचं सगळं वजनावर. ट्रक काट्यावर घातला की तुमचं गणित सपलं.” वर्गात आणि व्यासपीठावर मात्र त्यांची भाषा इतकी काटेकोर असे, की विद्यार्थ्यांना हे दोन माने एकच आहेत याची कल्पनाही नव्हती. गौरवग्रंथकारांना फक्त वर्गातले माने माहीत आहेत. त्यांची निम्मी अडचण तिथेच आहे.

दुसऱ्या मान्यांचा एक मासला देतो. इस्लामपूरजवळच्या एका गावी व्याख्यानमालेत आम्ही दोघे कृष्णविवरावर बोलायला गेलो होतो. प्रश्नोत्तरांना एक निवृत्त सुभेदार उभे राहिले.

“आवं सर, त्यात पडल्याला माणूस मेला म्हनायचा का जिता?”

मी म्हणालो, “बाहेरून बघणाऱ्याला तो आत पडलेला कधी दिसतच नाही. कडेला थबकलेला दिसतो.”

“कवापातूर?”

“कायमचा.”

सुभेदारांनी विचार केला. “मग त्येच्या घरच्यांस्नी पेन्शन कवा चालू हुयाची?”

मी उत्तर जुळवत असताना माने मागून म्हणाले, “सुभेदार, त्येचा अर्जबी कडंलाच थबकंल की!” सभा आमची राहिली नाही. त्या गावात मला आजही कोणी कृष्णविवरावाला म्हणून ओळखत नाही, पण पेन्शनचा किस्सा सांगतात आणि उत्तर माझ्या नावावर खपवतात. ही दुरुस्तीही येथेच करून टाकतो. उत्तर मान्यांचे होते.

आता कामाची पद्धत, कारण घोळ तिच्यातून झाला. असले गणित सूत्राने सुटत नाही, ते कागदावर विणावे लागते. मोठ्या तावावर तिरप्या चौकड्या आखायच्या. चौकडीच्या तीन कोपऱ्यांवरचे आकडे ठाऊक असले की चौथा काढता येतो. तो चौथा पुढच्या चौकडीचा कोपरा होतो. असे करत ओळीमागून ओळ पुढच्या काळात सरकायचे. एक आकडा चुकला तर त्याच्या पुढचे सगळे बिघडते, आणि बिघडलेले सगळे दिसायला अगदी नीटनेटके दिसते. मोठे संगणक तेव्हा मोठ्या संस्थांकडे होते आणि त्या संस्थांना आम्ही ठाऊक नव्हतो. म्हणून आम्ही सर्वांत साधा, सर्व दिशांना सारखा असा धक्का निवडला. तो जेमतेम एखादा हेलकावा देतो आणि लगेच शेपटीला लागतो. माणसाच्या हाताला झेपेल असा तेवढाच.

मान्यांचा हात म्हणजे खरोखरच हात, पेन्सिल आणि औटकी. माझा हात कुपवाडला होता. तिथे बापूरावांचा पंपाचे सुटे भाग ओतण्याचा छोटा कारखाना होता आणि त्यांच्या कचेरीत दांडा फिरवून चालणारे एक हिशेबाचे मशीन होते. दांडा पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी, आणि वजाबाकी शून्याखाली गेली की आतून टिंग अशी घंटी. कारखान्याच्या सुटीच्या दिवशी मी सायकलवरून जाई आणि दिवसभर दांडा फिरवी. बापूराव समोर वर्तमानपत्र वाचत बसत.

“काय सर, बुजलं का न्हाई तुमचं भोक?”

“ते बुजत नसतं, बापूराव.”

“मग माझं मशीन कशाला झिजवताय? आमच्या ओतकामात भोक पडलं तर आमी इतळवून परत ओततो. इषय सपला.”

माझ्या विषयाची त्यांनी आयुष्यभर टिंगल केली आणि माझ्या येण्याच्या दिवशी दांड्याला न चुकता तेल घालून ठेवले. असा पुरस्कर्ता विज्ञानाला क्वचित लाभतो.

दोघांनी काम वाटून घ्यावे, असे मी सुचवले होते. मान्यांनी ते मोडून काढले. आम्ही दोघेही विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासत असू. तिथली रीत अशी होती, की वादाचा पेपर दोन परीक्षकांकडे जाई आणि एकाला दुसऱ्याचे गुण दिसत नसत. माने म्हणाले, “आपण तसंच करू. सगळं गणित तुमी एकट्यानं करा, सगळं मी एकट्यानं करतो. उत्तर जुळंस्तवर एकमेकाचं ताव बघायचं न्हाईत. बघितलं की माणूस नकळत वळतो.” हे म्हणणे अतिशय शहाणपणाचे होते. आजही मला त्यात दोष दिसत नाही, आणि म्हणूनच त्याचा विचार करताना मला अधिक त्रास होतो.

महिन्यातून एका रविवारी आम्ही कऱ्हाडच्या एसटी स्टँडावर भेटत असू. ते साताऱ्याहून येत, मी सांगलीहून. उपाहारगृहात बसून चहा घ्यायचा, जग कसे चालले आहे यावर मतभेद व्यक्त करायचे, आणि निघताना एकच प्रश्न. “किती पुढं?” उत्तरादाखल ओळीचा आकडा सांगायचा. तावातले एक अक्षर सांगायचे नाही. या भेटींसाठी मी काम लवकर उरकत असे, की कामासाठी या भेटी होत्या, हे मला तेव्हाही नीट सांगता आले नसते.

दोन वर्षे अशी गेली. मग इस्लामपूरला विज्ञान आणि गणिताच्या शिक्षकांचा मेळावा ठरला आणि आम्ही आपापले उत्तर तिथेच प्रथम एकमेकांना दाखवायचे असे ठरवले. यात थोडा नाटकीपणा होता हे मी नाकारत नाही. आमच्या आयुष्यात नाटकाला दुसरी जागा नव्हती.

‘भर सभा’ हा शब्द गौरवग्रंथकारांनी वापरला आहे. एका शाळेचे सभागृह, पंधरा-वीस शिक्षक, त्यांतले काही जेवणानंतर पेंगणारे. अध्यक्षस्थानी मान्यांच्या संस्थेच्या कार्यकारिणीतील एक वजनदार सदस्य. फळ्याच्या मध्ये रेघ ओढून एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला माने, असे आम्ही एकाच वेळी उत्तर लिहिले. प्रश्न एकच होता. शेपटी सुरू झाल्यावर काळ दुप्पट झाला, तर धक्क्याचा केवढा हिस्सा उरतो? मी लिहिले, एक अष्टमांश. खडू ठेवून शेजारी पाहिले. मान्यांनी लिहिले होते, एक चतुर्थांश.

सभागृहात कोणाला काही वाटले नाही. मी मात्र दोन्ही आकडे पुन्हा एकदा वाचले. हा किरकोळ फरक नव्हे. अशा चुका आकडेमोडीत होत नाहीत, समजुतीत होतात.

अध्यक्ष म्हणाले, “दोघांचेही बरोबर असणे शक्य नाही. मग चूक कोणाची धरायची?”

मी म्हणालो, “ते आज सांगता येणार नाही.”

मागून कोणीतरी ओरडले, “मशीनवाल्याचं बराबर आसनार!”

मी म्हणालो, “मशीनचा दांडा माझ्याच हाताने फिरतो.” यावर हशा झाला. मला वाटले, खुलासा झाला. हशा हा खुलासा नसतो, हे ध्यानात यायला मला काही काळ लागला.

मान्यांनी हाताला लागलेला खडू झटकला आणि एवढेच म्हणाले, “बघतो परत.” मग चहा आला.

त्या सभेत झाले ते इतकेच. चूक मी दाखवली नाही. मला चूक दिसलेलीच नव्हती, तर दाखवणार काय? आणि ‘बघतो परत’ याला कबुली म्हणणाऱ्या माणसाने आटपाडीकडच्या माणसाशी कधी व्यवहार केलेला नाही. हार मानायची नाही आणि चार लोकांत वादही घालायचा नाही, तेव्हा तिकडे हे दोन शब्द बोलतात. मी पण मनात तेच म्हणत होतो.

त्यानंतर आम्ही दोघांनी सगळे गणित पहिल्यापासून पुन्हा केले. बापूराव म्हणाले, “परत? पयलं कुठं हारवलं?” मी दांडा फिरवायला बसलो. काही महिन्यांनी कऱ्हाडला भेटलो.

“काय आलं?” मी विचारले.

“तेच. तुमचं?”

“तेच.”

माने म्हणाले, “ताव दाखवायचं का?”

मी म्हणालो, “नियम तुमचा आहे.”

“व्हय,” ते म्हणाले. “नियम माझाच हाय.”

कोणाचीही पिशवी उघडली गेली नाही. त्या दोन पिशव्यांत दोघांचे सगळे ताव होते, आणि दोन्ही टेबलाखाली एकमेकींना टेकून उभ्या होत्या. मान्यांनी ‘दाखवा’ म्हटले असते तर मी दाखवले असते. मी ‘दाखवा’ म्हटले असते तर त्यांनीही दाखवले असते, याविषयी मला आता शंका नाही. भांडण झाले नाही. लोक समजतात की आमच्यात भांडण झाले, पण भांडण झाले असते तर ते मिटवता आले असते. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे परीक्षा होत्या, त्याच्या पुढच्या महिन्यात माझ्याकडे लग्न. मग कऱ्हाडचा रविवार कधी थांबला, ते सांगता येणार नाही इतक्या हळू थांबला.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये मान्यांची बदली झाली. गणित विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे येणार हे सर्वांनी गृहीत धरले होते. ते दुसऱ्याला मिळाले आणि मान्यांना संस्थेच्या औंधच्या शाळेत नववी-दहावीला शिकवायला पाठवले गेले. कार्यकारिणीच्या बैठकीत इस्लामपूरचे ते अध्यक्ष म्हणाले होते, “ज्यांचे स्वतःचेच गणित चुकते ते विभाग काय सांभाळणार?” हे मला तिथल्याच एका प्राध्यापकांनी बदलीनंतर सांगितले. मी संस्थेला कळवले, की त्या दिवशी चूक कोणाचीच सिद्ध झालेली नव्हती. त्यांनी कळवले, की हा संस्थेचा अंतर्गत प्रश्न आहे. त्या काळी सांगलीच्या माणसाचे साताऱ्यात इतकेच चालत असे.

आता गौरवग्रंथातील शेवटचे विधान. मान्यांनी विषयाचा नाद सोडला हे खरे आहे. चूक उमगली म्हणून सोडला, हे खोटे आहे. एकट्याने असले गणित करायला ज्याच्यासाठी करायचे असा निदान एक माणूस लागतो. तो माणूस सांगलीत दांडा फिरवत बसला होता, आणि मग तोही बसेनासा झाला. बापूरावांनी पुढे विजेवर चालणारे यंत्र घेतले. जुने मशीन नेता का म्हणून विचारले, तर मी नको म्हणालो. “इतकं वरीस फिरवलं आन् आता नको?” असे ते म्हणाले. त्यांच्या आवाजात त्या दिवशी टिंगल नव्हती.

दशक सरत आले तेव्हा मी उत्तरपत्रिकांच्या कामासाठी पुण्याला गेलो होतो. तिथे एका ग्रंथालयात परदेशी नियतकालिकांचे जुने अंक चाळताना आमची शेपटी मला छापलेली सापडली. आम्ही कऱ्हाडला चहा पीत होतो त्याच सुमारास, किंबहुना त्याच्याही आधी, हा प्रश्न तिकडे सुटलेला होता. तेव्हा सांगली-साताऱ्याने जगाच्या आधी शोध लावला, असे म्हणणारे जे दोन-चार उत्साही लोक आहेत त्यांनाही मी येथेच थांबवतो. आम्ही पहिले नव्हतो. आम्ही फक्त बरोबर होतो. आणि ‘आम्ही’ हे अनेकवचन मी जाणूनबुजून वापरत आहे.

त्या लेखात शेपटीला दोन उत्तरे दिलेली होती. धक्का बसण्याआधी त्या जागी काहीच नसेल, तर काळ दुप्पट झाल्यावर अष्टमांश उरतो. पण धक्क्याच्या आधीपासून तिथे काही स्थिर, शांतपणे उभे असेल, त्याचा प्रभाव दूरवर पसरून मुरलेला असेल, तर विरणे एका पायरीने मंद होते आणि चतुर्थांश उरतो. मी तो परिच्छेद उभ्यानेच वाचला. आमच्या विणकामाला जी पहिली ओळ लागते, धक्क्याच्या आधीच्या स्थितीची, ती आम्ही एकमेकांना कधीही सांगितली नव्हती. प्रत्येकाला आपली इतकी उघड वाटली होती की ती सांगण्याची गोष्ट आहे, हेच सुचले नव्हते. आणि पुढे सुचले असते, तरी नियम आडवा होता.

मी औंधला गेलो. तिथे काय बोलणे झाले ते शेवटी सांगतो. त्यानंतरचे आधी सांगून टाकतो, म्हणजे मध्ये काही उरणार नाही. त्यानंतर मी मान्यांना म्हणालो, की चला, दोघे मिळून संस्थेकडे जाऊ. ते आले नाहीत. “काय सांगणार? कोनाला कळणार हाय?” असे म्हणाले. साताऱ्याला ते परत गेले नाहीत, औंधहूनच निवृत्त झाले. कृष्णविवराच्या गणिताला आम्ही दोघांनीही पुन्हा हात लावला नाही. ते गेल्याची बातमी मला वर्तमानपत्रातून कळली, तीही शिळ्या अंकातून, आणि मी पोचलो तेव्हा मंडळी बाराव्याचे जेवून परतत होती. इतकी वर्षे मी गप्प राहिलो, कारण आमच्या दोघांमधले आम्हाला ठाऊक होते. आता त्या दोघांतला एकच उरला असताना ते तीन वाक्यांत छापून आले आहे.

तर औंध. यमाईच्या डोंगराखाली शाळा, मधली सुटी. माने व्हरांड्यात उभे होते, बाहीला खडू.

“या, मशीनवाले!”

“कसे आहात?”

“झकास. हितं कोनी भर सभेत चूक काढत न्हाई. चुका पोरांच्या, लाल पेन्सिल माझी. बसा. एवढ्या लांबनं यष्टीनं आलाय, गप का?”

“तुमचा नियम मोडायला आलोय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. थट्टा करावी की नाही, हे ते ठरवत असावेत. मग म्हणाले, “मोडा.”

“धक्क्याच्या आधी तिथं तुम्ही काय धरलं होतं?”

“काय म्हंजे? तारा हुता की!”

“तारा?”

“आवं, कोसळायला आधी काय तरी उभं पायजे का न्हाई? लय काळ निवांत उभा हुता त्यो. मग कोसळला. तुमच्यात काय हुतं?”

“काही नव्हतं. सगळं रिकामं. धक्का बाहेरून आला.”

“भायेरनं? कुनाच्या घरनं?”

मी हसलो. तेही हसले, आणि हसता हसता मध्येच थांबले. लेखात काय आहे ते मी अजून सांगितलेले नव्हते. त्यांना सांगण्याची गरज पडली नाही. ते खाली बघून बोटांवर काही मोजत राहिले, ओठ हलत होते.

“मंग दोगांचंबी बराबरच हाय की,” ते म्हणाले.

“हो.”

“आन् आपण कऱ्हाडात च्या पीत बसलो.”

सुटी संपल्याचे टोल पडले. “तास हाय माझा,” असे म्हणून ते उठले आणि वर्गात गेले.

गौरवग्रंथकारांनी माझ्या स्मरणशक्तीवर शंका घ्यावी. माझ्या स्वभावावर तर घ्यावीच. त्यात त्यांना पुष्कळ साक्षीदार मिळतील. सभेत कोण काय बोलले, कोण का हसले, कोणाची बदली कशाने झाली, हे सगळे त्यांनी खुशाल बाजूला ठेवावे. एक गोष्ट त्यांना ठेवता येणार नाही, कारण ती कागद-पेन्सिल घेऊन आजही कोणालाही तपासता येईल. माझ्या गणिताच्या पहिल्या ओळीत सगळी शून्ये होती. मान्यांच्या पहिल्या ओळीत तारा होता.